परका पुरुष

सोमवार, १३ जानेवारी

तो टेबलावर डोकं आपटून घेईल असं वाटलं, म्हणून मी दौत बाजूला सरकवली.

"मादाम, लाज आणली हिने! माझ्या भावाच्या पांढऱ्या दाढीला लाज आणली!" म्हातारा कपाळावर हात मारून घेत होता. "पुन्हा उशीर केला तर पाय मोडीन हिचे. तुमच्यासमोर मोडीन!"

दोर्साफ त्याच्या मागे उभी होती, मान खाली घालून. वसतिगृहातली मुलगी रविवारी संध्याकाळी आत आली पाहिजे. ही आज सकाळच्या बसने आली. मी नियमाप्रमाणे तिला फाटकावरूनच परत पाठवलं होतं : वलीला घेऊन ये. वली म्हणजे बाप, नाहीतर बापाच्या घरातला मोठा माणूस. हिचं गाव डोंगरापलीकडे, आणि ही माझा चहा निवायच्या आत काका घेऊन हजर.

"तुमच्या भावाचं नाव काय?" मी विचारलं.

रडणं थांबलं. "माझ्या भावाचं?"

"हिच्या वडिलांचं."

तो वळला आणि तिच्या एप्रनच्या खिशाकडे पाहू लागला. तिथे प्रत्येकीचं नाव लाल दोऱ्याने भरलेलं असतं. डोळे बारीक करून त्याने वाचलं, "अयारी. दोर्साफ अयारी. अंतिम वर्ष ब."

"भावाचं नाव अंतिम वर्ष ब?"

तो समोरच्या कॅफेत बसणारा अम ख्मैस निघाला. सगळी गल्ली त्याला अम, म्हणजे काका, म्हणते. पूर्वी बसवर कंडक्टर होता. मी त्याला बाहेर जायला सांगितलं. दाराशी थांबून, डोळे पुसत तो म्हणाला, "मादाम, नावाचं सोडा. बाकी कसं झालं?"

तेव्हा हसू आलं नाही. आता लिहिताना येतं आहे.

दोर्साफला विचारलं, उशीर का झाला. म्हणाली, "उशीर झाला, मादाम." वडिलांना का नाही आणलं? "ते शेतावर असतात." एवढंच. गणितात वर्गात पहिली. जूनमध्ये बाकालोरियाला, शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बसेल. त्या गावातून इथवर आलेली ती पहिलीच मुलगी. अशा मुलीने खोटं बोलावं याचं जास्त वाईट वाटलं.

मंगळवार, १४ जानेवारी

सकाळी मुख्याध्यापक सी तैयब यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लल्ला शादलियांच्या काळात फाटकाचा बाजार झाला होता. कोणीही यावं, कोणाचाही काका व्हावं. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत, बरं झालं." मग म्हणाले, पुढच्या गुरुवारी राजधानी ट्यूनिसहून, मंत्रालयातून निरीक्षक येणार आहेत. माझ्या नेमणुकीचं तेव्हाच ठरेल. मुलींच्या शिस्तीचं काम बघणाऱ्या लल्ला शादलिया आजारपणाच्या रजेवर गेल्या तेव्हापासून मी त्यांच्या खुर्चीत बसते आहे, पण खुर्ची अजून त्यांचीच आहे.

दोर्साफच्या वडिलांना पत्र लिहिलं. नियमावलीत शब्द आहेत : "वलीऐवजी परकी व्यक्ती उभी केल्यास". मी ते जसंच्या तसं उतरवणार होते. मग वाटलं, व्यक्ती म्हणजे काहीही होऊ शकतं. बाई, मैत्रीण, शेजारीण. हा पुरुष होता. म्हणून लिहिलं : "आपली मुलगी सोमवारी सकाळी एका परक्या पुरुषाला बरोबर घेऊन शाळेत आली." सी तैयब यांनी वाचलं, मान हलवली, शिक्का मारला. "नेमकं लिहिता तुम्ही."

पत्र गावच्या ओमदाकडे गेलं. सरकारी कागद गावात त्याच्याच हातून जातात.

गुरुवार, १६ जानेवारी

वडील आले. लखदर अयारी. उंच, बारीक, अंगावरच्या लोकरी बुर्नूसवर चिखलाचे शिंतोडे. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"पत्र मिळालं, मादाम. मला वाचता येत नाही. ओमदाने वाचून दाखवलं."

"बरं झालं."

"दुकानात वाचलं. बाजाराचा दिवस होता."

म्हटलं, लवकर पोचलं ते उत्तम. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं.

"तो माणूस कोण?"

"कोणी नाही. समोरच्या कॅफेत बसतो."

"कॅफेत," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, "कॅफेत."

मी समजावून सांगितलं की तो म्हातारा आहे, पोरींसाठी काका बनायची त्याला खोड आहे, आणि शिस्तीच्या दृष्टीने हे चालणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. किती ऐकलं ते सांगता येत नाही.

"रविवारी मीच तिला थांबवून घेतलं," ते म्हणाले. "शेवटच्या झाडाचे ऑलिव्ह उरले होते. काढेपर्यंत अंधार झाला, बस गेली."

"हे तिने सांगायला हवं होतं."

"माझं नाव घ्यायचं नसेल तिला."

दोर्साफने गादी गुंडाळली, पुस्तकं पोत्यात भरली. मी म्हटलं, तीनच दिवसांची शिक्षा आहे, गादी राहू द्या. वडील म्हणाले, "असू दे. घरी उपयोगी पडेल." माझे आभार मानले. छातीवर हात ठेवून मानले. सोमवारी परत आणा म्हटलं, तर म्हणाले, "अल्लाहची मर्जी."

फाटकाशी दोर्साफने विचारलं, "मादाम, तुम्ही काय लिहिलंत?"

"जे घडलं ते."

तिचा चेहरा पाहून मला उगीचच राग आला.

सोमवार, २० जानेवारी

आली नाही. एक आठवडा निळे एप्रन, एक आठवडा गुलाबी, असा नियम; या आठवड्यात गुलाबी आहेत. रांगेत एकही निळा नव्हता, सगळ्या जणी नियमाप्रमाणे. तरी मला चैन पडेना. अंतिम ब च्या मुली मला पाहिल्या की बोलणं थांबवतात. आधीही थांबवायच्या, पण आता माझ्या लक्षात येतं.

मंगळवार, २१ जानेवारी

शाळा सुटल्यावर लल्ला शादलियांकडे गेले. गुडघ्यावर गरम विटा बांधून बसल्या होत्या. सोबत सुकी जर्दाळू घेऊन गेले होते, ती त्यांनी बाजूला ठेवली. "हे लाच म्हणून आणलंस की मी आजारी म्हणून?"

दोर्साफची हकीकत सांगितली. ख्मैसचं नाव येताच त्या खुदकन हसल्या.

"अजून रडतो का गं तो? माझ्यासमोर किती वेळा रडलाय! एकदा मी म्हटलं, ख्मैस, आज थोडक्यात रड, मला वर्गांवर फेरी मारायची आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी त्याला विचारायची, ही कोण तुमची? तो म्हणायचा, पुतणी. मी म्हणायची, नीट लक्ष ठेवा पुतणीवर. झालं. मुलगी वर्गात, ख्मैस कॅफेत, बाप शेतावर."

"आणि नियम?"

"नियमात काय आहे? वली आणावा. तिने आणला."

मी म्हटलं, हे खोटं आहे. त्या म्हणाल्या, "आहेच. माझं खोटं. त्या मुलींच्या डोक्यावर नव्हतं ते." मग विचारलं, पत्रात काय लिहिलंस. मी शब्दांसकट सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पुरुष लिहिलंस?"

"होता ना पुरुष."

"आणि ओमदाने वाचलं ते. कुठे?"

"दुकानात."

"बाजाराच्या दिवशी, भरल्या दुकानात." मग म्हणाल्या, "सलूहा, तिथे कुणी ख्मैस पाहिलेला नाही. तिथे त्यांनी एकच ऐकलं. मुलगी परक्या पुरुषाबरोबर आली. सोमवारी. सकाळी. रविवारी रात्री कुठे होती हे आता कोण विचारणार नाही?"

"पण ती रविवारी रात्री घरीच होती! वडिलांनाच माहीत आहे."

"बापाला माहीत आहे. दुकानाला नाही." मग म्हणाल्या, "आजच दुसरं पत्र लिही. आजच."

लिहीन म्हटलं. पण आज शिक्का सी तैयब यांच्या कपाटात होता. आणि परवा निरीक्षक येणार. मागच्या आठवड्यातलं पत्र चुकलं असं सांगणारं पत्र त्याच फायलीत निरीक्षणाच्या आठवड्यातच लागलं, तर ते काय म्हणतील? शुक्रवारी शांतपणे, नीट शब्दांत लिहीन. घाईत लिहिल्यानेच हे झालं आहे. पुन्हा घाई नको.

बुधवार, २२ जानेवारी

अम ख्मैस फाटकाशी उभा होता. मी बाजूने जाऊ लागले तर काठी आडवी धरली.

"मादाम, एक विचारू? साठी उलटल्यापासून बायको मला ओझं म्हणते, मुलगा मला बाबा पण म्हणत नाही, ए म्हातारा म्हणतो. तुम्ही एवढ्या सरकारी कागदावर पुरुष म्हणून लिहिलंत. आभार मानू की काय करू?"

कॅफेतले लोक हसले. तो हसत नव्हता.

"आपल्या बसवरचा कंडक्टर आहे ना, त्या गावाचा, त्याने सांगितलं. पोरीच्या आईने दार लावून घेतलंय म्हणे. विहिरीवर पण जात नाही." त्याने काठी खाली घेतली. "मी जातो तिथे. उभा राहतो दुकानात. बघा म्हणतो, हा तो पुरुष. दात नाहीत बघा."

मी म्हटलं, तुम्ही मध्ये पडू नका. जे लिहायचं ते शाळा लिहील.

"कधी?"

"या आठवड्यात."

"आठवडा मोठा असतो, मादाम," तो म्हणाला आणि पत्ते खेळायला निघून गेला.

रात्री जेवण गेलं नाही. तो शब्द सारखा डोळ्यांपुढे येतो. व्यक्ती लिहिलं असतं तर! नियमात होतंच. मी बदलला. एक शब्द.

गुरुवार, २३ जानेवारी

निरीक्षण चांगलं झालं. निरीक्षकांनी नखं, एप्रनची बटणं, वसतिगृहातल्या चादरी, सगळं पाहिलं. नोंदींची फाईल मागितली. माझ्या पत्राची प्रत त्यांनी मोठ्याने वाचली. सी तैयब यांना म्हणाले, "असं लिहिता आलं पाहिजे. फुलोरा नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलगी परत आली?"

माझ्या आधी सी तैयबच बोलले. "गावी आहे. येईल."

कौतुक ऐकताना कान तापले होते. ते लाजेने असावं.

शुक्रवार, २४ जानेवारी

दिवसभर मसुदे. सी तैयब यांना पहिला दाखवला. "चूक? शाळा चूक कबूल करत नाही, मादमाझेल. शाळा दुरुस्ती कळवते." दुसरा मसुदा दुरुस्तीचा. त्यात "परका पुरुष" हे शब्द पुन्हा आले होते, ते त्यांनाच नको वाटले. तिसऱ्यात असं झालं : "सोमवारी आपल्या मुलीसोबत आलेले वयोवृद्ध गृहस्थ शाळेच्या परिचयाचे असून त्यांच्या येण्यात काहीही गैर नव्हतं. आपल्या मुलीची वर्तणूक उत्तम आहे. तिला तातडीने परत पाठवावं."

संध्याकाळ झाली होती. शिक्का उद्या मारतो म्हणाले.

मन पुष्कळ हलकं झालं आहे. चांगलं पत्र आहे. हेच आधी सुचायला हवं होतं.

शनिवार, २५ जानेवारी

शिक्का मिळाला. टपालाने पाठवलं असतं तर मंगळवारी पोचलं असतं. स्वतः नेणार आहे. अम ख्मैसला सांगितलं नाही.

रविवार, २६ जानेवारी

दोर्साफच्या गावी, ऐन अल-तूतला जाऊन आले.

डोंगरावर बर्फ होतं, भाड्याच्या गाडीतले सगळे अंग चोरून बसले होते. दुकान म्हणजे एक खोली, साखर, रॉकेल, माचिस. मी आत गेले तसे बाकावरचे लोक उठले. ओमदाला म्हटलं, पहिलं पत्र जिथे वाचलंत तिथेच हे वाचा. लखदर अयारींना बोलावणं गेलं. ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

ओमदाने वाचलं. "वयोवृद्ध गृहस्थ" या शब्दांवर एकजण म्हणाला, "म्हणजे म्हातारा?" मी म्हटलं, "दात नसलेला म्हातारा. मुलींवर दया येते त्याला. चूक लिहिणाऱ्याची होती, आणि लिहिणारी मी." हे मी ठरवून गेले नव्हते. सी तैयब यांनी ऐकलं असतं तर! ओमदाने न सांगता पत्र दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी सावकाश. कोणीतरी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणालं. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने उठून लखदरच्या खांद्यावर हात ठेवला. लखदरचे ओठ हलत होते.

मग मला घरी नेलं. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिची आई हद्दा हिने मातीच्या भट्टीतली गरम भाकरी आणि यंदाचं तेल पुढे ठेवलं. त्याच झाडांचं तेल असणार. मी खाल्लं. दोर्साफ दिसली नाही. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. मी तिला बोलवा म्हटलं नाही. मला तोंड दाखवायला तिने तिच्या सवडीने यावं, एवढा मान मी तिला दिलाच पाहिजे.

आई सगळा वेळ चुलीकडे पाहत होती. मध्येच म्हणाली, "मादाम, तुम्ही शिकलेल्या. ट्यूनिसला आमच्याएवढी थंडी नसते ना?"

नसते म्हटलं. समुद्र आहे तिथे.

"आणि मोठ्या घरांमध्ये चूल आतच असते, नाही? म्हणजे काम करणारीला ऊब मिळते."

मी म्हटलं, हो, गॅस असतो. बिचारीला काय बोलावं सुचत नसेल. लखदर तिला म्हणाले, "पुरे. पाहुण्यांना चहा दे."

निघताना ते गाडीपर्यंत आले. म्हणाले, "तुम्ही माझं नाव परत आणलंत. भरल्या दुकानात घेतलं होतं, भरल्या दुकानात दिलंत. हे प्रत्येकजण करत नाही."

मी विचारलं, "आणि दोर्साफ?"

ते रस्त्याकडे पाहत होते. "उद्या सकाळच्या बसने येतो," म्हणाले.

येतो म्हणाले! वसतिगृहात तिची खाट पुसून घेतली. गणिताच्या शिक्षिकेला निरोप दिला, राहिलेले धडे मुलीला वेगळे द्यावेत. जूनपर्यंत भरून निघेल. लल्ला शादलियांना उद्या कळवेन. मी एक शब्द चुकीचा लिहिला आणि तोच माझ्या हाताने खोडला. दोन आठवड्यांत आज पहिल्यांदा झोप लागेल.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळची बस वेळेवर आली. लखदर अयारी एकटे उतरले.

फाटकाच्या बाहेरच थांबले. दोर्साफ शुक्रवारी ट्यूनिसला गेली, एका घरी कामाला. तिची मावशी तिथे जवळच असते. गावात राहणं तिला जड जात होतं, आणि शाळेकडून काही आलं नव्हतं. आता त्या घराला शब्द दिला आहे, तो मोडता येत नाही. काल सांगितलं नाही कारण मी पाहुणी होते आणि चांगलं पत्र घेऊन आले होते.

त्यांनी बुर्नूसखालून तिचा निळा एप्रन काढला. धुतलेला, घडी घातलेला. शाळेचा असेल म्हणून परत आणला म्हणाले. खिशावरचं नाव आईने उसवलं होतं. "दुसऱ्या एखाद्या मुलीला होईल."

एप्रन मुलीचाच असतो, शाळेचा नसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. घेतला.

या आठवड्यात निळे आहेत. आठ वाजता फाटक लावलं.